पेट्रिऑन: प्रौढ चित्रकाराच्या घरखर्चाला किती पुरे पडते?

प्रौढांसाठी चित्रे काढून पोट भरणाऱ्या स्वतंत्र चित्रकाराने एखादी सेवा जोखताना भरभराटीच्या महिन्यात ती किती पैसे मिळवून देते हे पाहण्यापेक्षा, हात आखडलेल्या महिन्यात घरभाडे, वीजबिल आणि औषधपाणी तिच्या आधाराने निघते का, हे पाहावे. पेट्रिऑन या सेवेचे हे परीक्षण त्याच मोजपट्टीने केले आहे. जॅक कॉन्टे हा संगीतकार आणि सॅम याम हा तंत्रज्ञ या दोघांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ही सेवा चित्रकाराच्या चाहत्यांकडून दरमहा वर्गणी गोळा करते, आपली कपात ठेवून घेते आणि उरलेली रक्कम चित्रकाराच्या हवाली करते. प्रौढ आशयाला येथे जागा आहे, परंतु ती अटींनी आखलेली आहे. त्या अटी आणि त्यांच्यामागची कारणे समजून घेतल्यावाचून या सेवेचे खरे मोल कळत नाही.

या क्षेत्रात बहुतेकांची सुरुवात कमिशनने, म्हणजे ग्राहकाच्या मागणीनुसार काढून दिलेल्या एकेका चित्राने होते. कमिशनचा पैसा लवकर हातात पडतो आणि लोकांना काय पाहायला आवडते हेही त्यातून कळते. मात्र त्या मिळकतीची धाव हाताच्या वेगापलीकडे जात नाही. एक चित्र एकदाच विकले जाते. कच्चे रेखाटन दाखवणे, ग्राहकाच्या सूचना ऐकणे, दुरुस्त करून पुन्हा दाखवणे यांत गेलेला वेळ दरात क्वचितच धरला जातो, आणि मनगट दुखू लागले की मिळकत त्याच दिवशी थांबते. प्रौढ चित्रांत याशिवाय आणखी एक अडचण असते. बरेच ग्राहक स्वतःची पात्रे घेऊन येतात आणि चित्र खासगी ठेवण्याची अट घालतात, त्यामुळे आठवडाभर खपून केलेले उत्तम काम नवा ग्राहक मिळवण्यासाठी कोणाला दाखवताही येत नाही. अशा खासगीपणाचे वेगळे पैसे आकारलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. कारण चित्रकार त्या ग्राहकाला चित्राबरोबर स्वतःच्या जाहिरातीची एक संधीही विकत असतो.

वर्गणीचे गणित याच्या उलट चालते. एकच चित्र शंभर जण पाहतात आणि शंभर जणांची वर्गणी मिळून त्या चित्राची किंमत ठरते, त्यामुळे ते काढायला लागलेला वेळ आणि त्यातून येणारा पैसा यांची घट्ट गाठ सुटते. पेट्रिऑनची सर्वांत मोठी देणगी हीच आहे. पुढच्या महिन्यात साधारण किती रक्कम येईल याचा अंदाज आज बांधता येतो, आणि असा अंदाज बांधता आला की माणूस दर पाडून मागणाऱ्या ग्राहकाला नाही म्हणू शकतो, आजारपणात विश्रांती घेऊ शकतो, शरीररचनेचा अभ्यास करण्यासाठी महिन्यातले काही दिवस राखून ठेवू शकतो. अर्थात त्यासाठी दुधाच्या रतिबासारखे न चुकता काम घालावे लागते. वर्गणीदार एखाद्या अप्रतिम चित्रासाठी येतो, परंतु टिकतो तो नियमितपणामुळे. म्हणूनच महिन्याला आठ चित्रांचे आश्वासन देऊन पाच देणाऱ्यापेक्षा तीनच कबूल करून तीन देणारा चित्रकार येथे अधिक काळ तग धरतो.

आता कपातीकडे वळू. ४ ऑगस्ट २०२५ नंतर सुरू झालेल्या पानांवर पेट्रिऑन १० टक्के घेते. त्याआधीची बरीच पाने ८ किंवा १२ टक्क्यांच्या जुन्या योजनांवर आहेत. यावर पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा पडतो. अमेरिकी डॉलरमधील ३ डॉलरपेक्षा मोठ्या वर्गणीवर तो २.९ टक्के अधिक ३० सेंट आणि ३ डॉलर किंवा त्याहून कमी वर्गणीवर ५ टक्के अधिक १० सेंट असा आहे. दरपत्रकात हे आकडे किरकोळ दिसतात. वर्गणीच्या पातळ्या ठरवताना मात्र त्यांना फार महत्त्व येते. १० टक्क्यांच्या योजनेत शंभर जणांनी प्रत्येकी १ डॉलर दिला तर १०० डॉलरपैकी ७५ हाती येतात. वीस जणांनी प्रत्येकी ५ डॉलर दिले तर सुमारे ८१ येतात, आणि दहा जणांनी प्रत्येकी १० डॉलर दिले तर सुमारे ८४ येतात. याखेरीज चलनबदलाचा आणि पैसे स्वतःच्या खात्यात काढून घेण्याचा खर्च असतो तो निराळा. एक डॉलरची पातळी ठेवल्याने माणसांची संख्या फुगते, मनाला बरे वाटते, परंतु शंभर लोकांच्या तक्रारी, निरोप आणि मागण्या सांभाळण्याचे श्रम दहा लोकांपेक्षा कितीतरी जास्त असतात. मला ५ डॉलरची पातळी मुख्य ठेवणे आणि तिच्यावर एकच महागडी पातळी ठेवणे सर्वांत शहाणपणाचे वाटते. महागड्या पातळीत मोठ्या आकाराची चित्रे, लेअर म्हणजे चित्राचे थर सुटे ठेवलेल्या फाइल आणि रेखाटनापासून रंगकामापर्यंतचा व्हिडिओ द्यावा. या वस्तू चित्र काढताना आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळे काम उभे राहत नाही. याउलट, महागड्या पातळीत ‘दरमहा तुमच्या आवडीचे एक चित्र’ असे आश्वासन देणे म्हणजे सोडून आलेले कमिशनचे काम कमी दरात परत ओढवून घेणे होय.

आयफोनवरील अ‍ॅपमधून येणाऱ्या वर्गणीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. अ‍ॅपलच्या नियमांमुळे अ‍ॅपमधील खरेदीवर ३० टक्क्यांपर्यंत कपात लागू शकते, हे पेट्रिऑनने २०२४ मध्ये जाहीर केले. अमेरिकेतील न्यायालयाच्या २०२५ मधील निर्णयानंतर तेथील ग्राहकांसाठी बाहेरच्या संकेतस्थळावर पैसे भरण्याची वाट मोकळी झाली. चित्रकाराने वर्गणीचा दुवा नेहमी ब्राउझरमध्ये उघडेल असाच द्यावा आणि वर्गणीदारांना त्याचे कारण एका वाक्यात सांगावे. बहुतेक लोक ते आनंदाने पाळतात.

नियमांचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि दुर्दैवाने बरेच जण तो खाते बंद होण्याची वेळ आल्यावरच वाचतात. पान १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीचे म्हणून नोंदवणे बंधनकारक आहे. पानाचे मुख्य चित्र, ओळखचित्र आणि सर्वांना दिसणाऱ्या नोंदी कोणाही समोर उघडता येतील अशा ठेवाव्या लागतात, आणि प्रौढ चित्रे केवळ वर्गणीदारांनाच दिसली पाहिजेत. खऱ्या माणसांच्या उघड लैंगिक चित्रफितींना येथे थारा नाही. रेखाटलेल्या चित्रांना आहे. परंतु रेखाटलेले आहे एवढ्यावर सर्व काही खपत नाही. अल्पवयीन व्यक्तींचे किंवा अल्पवयीन भासणाऱ्या पात्रांचे लैंगिक चित्रण पूर्णतः निषिद्ध आहे, पात्र काल्पनिक असले तरीही. या नियमाशी मी मनापासून सहमत आहे आणि त्यात कोणतीही सूट असू नये. बलात्काराचे किंवा प्राण्यांशी लैंगिक संबंधांचे उदात्तीकरण करण्यासही बंदी आहे. व्यवहारात गोंधळ होतो तो मधल्या पट्ट्यात. विशिष्ट चित्रशैलीत प्रौढ पात्राचाही चेहरा लहान आणि डोळे मोठे असतात, आणि मूळ कथेत त्या पात्राचे वय पंचवीस असल्याचा खुलासा पेट्रिऑनच्या परीक्षकाच्या नजरेला पुरेसा वाटेलच असे नाही. पात्राची उंची, शरीराची ठेवण, कपडे आणि भोवतालचे वातावरण यांतूनच प्रौढत्व स्पष्ट दिसले पाहिजे. असे पात्र घडवणे हे चित्रकाराचेच कौशल्य आहे, त्यात काही गमावल्याची भावना असू नये.

नियम असणे समजण्यासारखे आहे. नियमांचा अर्थ बदलत राहणे अधिक जाचक आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये पेट्रिऑनने प्रौढ आशयाच्या अटी कडक केल्या आणि २०१८ मध्ये अनेक प्रौढ कलावंतांची पाने तपासणीसाठी रोखली गेली. पैसे वळते करणाऱ्या भागीदार कंपन्यांचा आग्रह हे त्याचे कारण सांगण्यात आले. ही शेवटची बाब या व्यवसायाच्या मुळाशी आहे. आपल्याला वाटते की आपला करार संकेतस्थळाशी आहे, परंतु संकेतस्थळाचा स्वतःचा श्वास कार्ड कंपन्या आणि त्यांच्यासाठी व्यवहार हाताळणारे मध्यस्थ यांच्या हातात असतो. डिसेंबर २०१८ मध्ये टम्बलर या ब्लॉगसेवेने प्रौढ चित्रांना बंदी घातली आणि त्या एका निर्णयाने असंख्य चित्रकारांचा वाचकवर्ग विखुरला. त्या वेळी अ‍ॅप स्टोअरच्या दबावाकडेही बोट दाखवले गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये ओन्लीफॅन्स या वर्गणीसेवेने उघड लैंगिक आशयावर बंदी जाहीर केली आणि आठवडाभरातच ती मागे घेतली. जपानमधील पिक्सिव्ह या चित्रांच्या संकेतस्थळाने २०२२ च्या अखेरीस आपल्या विक्रीच्या आणि वर्गणीच्या सेवांवरील नियम कार्ड कंपन्यांच्या अटींनुसार बदलले. मार्च २०२४ मध्ये डिजिटल वस्तू विकण्याची सोय देणाऱ्या गमरोडने प्रौढ आशयाबाबत हात आखडता घेतला आणि पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या स्ट्राइप व पेपॅल यांच्या नियमांकडे बोट दाखवले. त्याच वर्षी जपानच्या डीएलसाइट या डिजिटल विक्रीच्या संकेतस्थळावर व्हिसा आणि मास्टरकार्डने पैसे भरणे थांबले. जुलै २०२५ मध्ये इच डॉट आयओ या स्वतंत्र खेळांच्या विक्रीच्या संकेतस्थळाने प्रौढ कामे आपल्या शोधयादीतून एका फटक्यात काढून टाकली. ही यादी मुद्दाम लांबवली आहे, कारण तिच्यातून एकच गोष्ट दिसते: एका सेवेवर रागावून दुसरीकडे गेल्याने धोका जात नाही, तो फक्त वेगळ्या दारातून येतो.

याच कारणाने पेट्रिऑनच्या कडकपणाबद्दल माझे मत बहुतेकांपेक्षा थोडे मवाळ आहे. ज्या सेवेने प्रौढ आशयाला मर्यादा घातल्या, पण त्या मर्यादेत तो आशय वर्षानुवर्षे राहू दिला, ती घर चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने सर्व काही चालेल असे सांगून एके दिवशी दार बंद करणाऱ्या सेवेपेक्षा बरी. मात्र ही पसंती ज्यांचे विषय पेट्रिऑनच्या अटींत आरामात बसतात त्यांच्यापुरतीच खरी आहे. ज्यांची कला मुळातच सीमेवर उभी असते त्यांना येथे प्रत्येक चित्राआधी मनात शंका येत राहील, आणि अशा शंकेत काढलेले चित्र चांगले उतरत नाही.

त्यांच्यासाठी सबस्क्राइबस्टार ही सेवा अधिक मोकळी आहे आणि तिची स्वतःची कपात ५ टक्के आहे. परंतु डिसेंबर २०१८ मध्ये पैसे स्वीकारण्याची तिची मुख्य साधनेच तुटली होती, हेही विसरू नये. जपानी चित्रशैलीत काम करणाऱ्यांसाठी पिक्सिव्हची फॅनबॉक्स ही वर्गणीसेवा हा चांगला पर्याय आहे. त्याची कपात १० टक्के आहे आणि चित्र पाहणारा वाचक शेजारच्याच दालनात उपलब्ध असतो. तेथे जननेंद्रियांवर आच्छादन घालण्याची जपानी कायद्याची अट पाळावी लागते, ही गोष्ट सुरुवातीपासून धरून चालावी. फॅनबॉक्सने मे २०२३ मध्ये मुख्यतः कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केलेल्या चित्रांना मज्जाव केला, तो निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो. हाताने काढणाऱ्याची वर्गणी ही त्याच्या हातावरील विश्वासापोटी दिलेली असते, आणि तो विश्वास सांभाळण्याची जबाबदारी सेवेने उचलली तर कलावंताला मोठा धीर मिळतो. पेट्रिऑनने या बाबतीत अधिक स्पष्ट भूमिका घ्यावी अशी माझी अपेक्षा आहे.

पेट्रिऑनची खरी कमजोरी मात्र वेगळीच आहे. ते पैसे गोळा करते, माणसे गोळा करत नाही. १८ वर्षांवरील पानांना त्याच्या शोधातून मिळणारा हातभार नगण्य आहे, त्यामुळे नवा वर्गणीदार बाहेरूनच आणावा लागतो. एक्सने २०२४ मध्ये प्रौढ आशयाला परवानगी असल्याचे आपल्या धोरणात स्पष्ट लिहिले, ब्लूस्कायवर प्रौढ चित्रांना खूण लावून ती ठेवता येतात, आणि पिक्सिव्हवर १८ वर्षांवरील विभाग आहे. या तिन्ही ठिकाणी चित्राची झाकलेली किंवा कापलेली आवृत्ती, पूर्ण आवृत्ती कोठे मिळेल याची सूचना आणि ठरावीक वारी नवे काम, एवढे सातत्याने केले तरच पानाकडे ओघ सुरू होतो. ज्याच्याकडे असा वाचकवर्ग अद्याप नाही त्याने पेट्रिऑनचे पान उघडून शून्याकडे पाहत बसण्यात अर्थ नाही. त्याने आधी कमिशनवर गुजराण करावी आणि किमान दोन-तीन महिन्यांच्या चित्रांचा साठा हाताशी जमला की मगच वर्गणी सुरू करावी.

गळतीचाही विचार हवा. पानावर जुन्या चित्रांचा ढीग वाढत गेला की एक महिन्याची वर्गणी भरून सर्व काही उतरवून घेणारे आणि निघून जाणारे लोक वाढतात. सामील होतानाच पैसे आकारले जातात, ही पेट्रिऑनची सोय त्यावर काही अंशी उपाय आहे. त्यापेक्षा परिणामकारक उपाय म्हणजे जुने संच पानावरून काढून वेगळे विकणे आणि पानावर अलीकडच्या काही महिन्यांचेच काम ठेवणे. पैसे भरून घेतलेली चित्रे चोरून जमवणारी संकेतस्थळेही आहेत, आणि हे प्रत्येक चित्रकाराला जिव्हारी लागते. स्वामित्वहक्काच्या सूचना पाठवाव्यात, परंतु त्यांच्यामागे महिन्यातले अनेक दिवस घालवू नयेत. जो वर्गणी देतो तो बहुधा चित्राइतकाच चित्रकाराच्या सहवासासाठी, मतचाचण्यांसाठी आणि पुढचे पात्र कोणते हे ठरवण्यातल्या सहभागासाठी देतो, आणि तो सहभाग चोरता येत नाही. लोकप्रिय मालिकांच्या पात्रांवर पूर्ण मिळकत उभी करणेही धोक्याचे आहे. अशी चित्रे वाचक झटपट आणतात, परंतु त्या पात्रांचा हक्क दुसऱ्याचा असतो. स्वतःची दोन-तीन पात्रे घडवून हळूहळू त्यांच्याकडे वाचकांचे प्रेम वळवणे हाच मला भरवशाचा मार्ग दिसतो.

नावाच्या गोपनीयतेबाबत पेट्रिऑन समाधानकारक आहे. वाचकांसमोर टोपणनाव चालते, मात्र कराच्या कागदपत्रांत कायदेशीर नाव द्यावे लागते. अमेरिकेबाहेरील व्यक्तींना त्यासाठी डब्ल्यू-८ बीईएन हा अर्ज भरावा लागतो. बँकेला आणि कर सल्लागाराला व्यवसायाचे स्वरूप सांगताना ‘डिजिटल चित्रकार, वर्गणी आणि परवाना यांतून मिळकत’ असे खरे आणि नेमके सांगावे. कमिशनचे पैसे पेपॅलवर घेणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. डिजिटल स्वरूपातील लैंगिक सामग्रीवर त्याच्या वापरधोरणात निर्बंध आहेत, आणि खात्यावर मर्यादा आली तर रक्कम १८० दिवसांपर्यंत अडकू शकते. जो पैसा सहा महिने हाती येणार नाही त्यावर घर चालत नाही, म्हणून कोणत्याही एका खात्यात शिल्लक साठू न देता ती नियमितपणे स्वतःच्या बँकेत वळवावी आणि काही महिन्यांचा खर्च वेगळा बाजूला ठेवावा. वार्षिक वर्गणीची सोय पेट्रिऑनवर आहे, परंतु प्रौढ पानासाठी मी ती टाळण्याचा सल्ला देईन; पान मध्येच रोखले गेले तर पुढच्या महिन्यांचे आधीच खर्च झालेले पैसे परत मागितले जाण्याचा प्रश्न उभा राहतो.

एका गोष्टीसाठी या सेवेचे मोकळ्या मनाने कौतुक केले पाहिजे. वर्गणीदारांची यादी त्यांच्या ईमेल पत्त्यांसह उतरवून घेण्याची सोय ती देते. कपातीची टक्केवारी, दिसायला नेटके पान, अ‍ॅप या सर्वांपेक्षा ही एक सोय प्रौढ चित्रकाराच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण पान बंद झाले तरी वर्गणीदार आपल्याला सापडू शकतात. ती यादी दर महिन्याला उतरवून घ्यावी, सुरक्षित ठेवावी, आणि वर्गणीदारांची परवानगी घेऊन स्वतःचे छोटे वार्तापत्रही समांतर चालवावे. पत्ते विश्वासाने दिलेले असतात, त्यामुळे त्यांचा अन्य कोणताही वापर करू नये.

एकूण पाहता, ज्या चित्रकाराचे विषय नियमांत बसतात, ज्याच्याकडे बाहेर थोडा वाचकवर्ग आहे आणि जो कमी पण वेळेवर काम देऊ शकतो, त्याच्या मिळकतीचा अर्धा किंवा त्याहून थोडा अधिक भार पेट्रिऑन पेलू शकते, असा माझा निष्कर्ष आहे. उरलेला भार जुन्या संचांच्या विक्रीवर आणि निवडक, चांगल्या दराच्या कमिशनवर असावा. सेवेकडून दोन सुधारणा मात्र हव्यात. पान तपासणीसाठी रोखताना नेमके कोणते चित्र आणि कोणता नियम हे लेखी कळवावे, आणि कपात १० टक्क्यांवर नेल्यानंतर तरी प्रौढ पानांच्या तक्रारी ऐकण्यासाठी या कलेची जाण असलेली माणसे नेमावीत.